कासवाची दोन पिल्लं भांडतात? त्यांना वेगळं कसं ठेवावं

कासव घ्यायला गेलं की दुकानदार हमखास सांगतो, जोडीच न्या, एकटं कंटाळेल. घरातल्या मोठ्यांनाही जोडी शुभ वाटते. पण जमिनीवरची बहुतेक कासवं रानात एकटीच फिरतात, एकटीच चरतात. मादी अंडी पुरून निघून जाते आणि पिल्लू बाहेर आल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतं. रानात दोघांची गाठ पडली आणि एकाने दुसऱ्याला धडक दिली, तर हरलेलं चालू लागतं आणि भांडण तिथेच मिटतं. टबात चालून जायला जागा नसते, म्हणून ते मिटत नाही. भांडणाऱ्या पिल्लांना एकमेकांची सवय लावता येत नाही. त्यांना दोन घरं द्यावी लागतात, तीही कायमची.

इथली बरीच माहिती सल्काटा या आफ्रिकी कासवाची आहे. हौसेने पाळल्या जाणाऱ्या जमिनीवरच्या विदेशी कासवांमध्ये हेच जास्त दिसतं आणि मारकुटेपणातही ते पिल्लू असल्यापासून पुढे असतं. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलं आपलं देशी स्टार कासव मात्र घरात ठेवताच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तुमच्याकडे ते आलं असेल, तर आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

पायरी १: भांडण ओळखा

कासवं फारसा आवाज करत नाहीत, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. चावा ही शेवटची पायरी. त्याआधी दांडगाई सुरू झालेली असते आणि ती बघणाऱ्याला प्रेमासारखी दिसते. एक पिल्लू दुसऱ्याच्या अंगावर चढून झोपतं, आपण फोटो काढतो. खरं म्हणजे ऊबेची किंवा लपायची चांगली जागा एकच असते आणि जोरावर असलेलं पिल्लू ती बळकावत असतं. दिवसभर मागे मागे फिरणं, वाट अडवून समोर उभं राहणं, दुसऱ्याच्या तोंडासमोरचं पान ओढून नेणं, हे सगळं त्यातलंच.

जेवणाच्या वेळी जवळ बसून बघा. जास्वंदीचं फूल टाकलं की मोठं पिल्लू फुलाकडे न जाता सरळ धाकट्याकडे वळतं. डोकं आत ओढतं, पुढच्या पायांवर जोर देतं आणि छातीच्या कवचाचं पुढे आलेलं टोक धाकट्याच्या कुशीत खुपसून रेटतं. धाकटं फुस्स करून हातपाय आत घेतं आणि तसंच बसून राहतं. फूल संपतं तरी ते बाहेर येत नाही. हे रोज चाललं तर एकही जखम न होता ते पिल्लू खंगत जातं.

पायरी २: आधी वेगळं करा, मग विचार करा

घर तयार होईपर्यंत थांबू नका. प्लॅस्टिकचा टब, जुना ड्रॉवर, जे हाताशी असेल ते चालेल. आपल्याकडे टोमॅटोचे आणि द्राक्षांचे क्रेट घरोघरी असतात, पण ते जाळीदार असतात. पिल्लाचा पाय त्या फटीत अडकतो आणि बाहेरचं दिसत राहिल्यामुळे ते दिवसभर भिंत खरवडत बसतं. क्रेटच वापरायचा असेल तर आतून चारही बाजूंना जाड पुठ्ठा लावा.

हलवायचं कुणाला? दबलेल्या पिल्लाला आहे तिथेच राहू द्या आणि दांडग्याला नव्या जागी न्या. आधीच घाबरलेल्या जीवावर नव्या जागेचा ताण कशाला?

पायरी ३: दोघांनाही तपासा

धडक देणाऱ्याने मारच खाल्ला नसेल असं धरू नका. उजेडात घेऊन मागचे पाय, शेपूट, मान आणि डोळ्यांभोवतीची कातडी नीट बघा. चावे बहुधा पायांवर आणि शेपटीवर असतात. तिथला खवला निघालेला असतो आणि खाली गुलाबी कातडी दिसते. किरकोळ खरचटलं असेल तर सलाइनने धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करा आणि ते कापसाने लावा. हळद, तेल, माणसांची मलमं लावू नका. जखम सुकेपर्यंत पिल्लू घरातच, स्वच्छ वर्तमानपत्रावर ठेवा आणि कागद रोज बदला. पावसाळ्यात माश्या उघड्या जखमेवर अंडी घालतात आणि बघता बघता अळ्या होतात.

कवचाला तडा, थांबत नसलेलं रक्त, सुजलेला डोळा, किंवा वेगळं केल्यावरही तोंडाला काही न लावणं, यातलं काहीही दिसलं तर पशुवैद्याकडे न्या. जाण्याआधी फोन करून ते कासवं तपासतात का ते विचारा, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर तपासत नाहीत. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मुलांनाही धुवायला लावा. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात.

पायरी ४: दोन पुरी घरं करा

मधे फळी टाकली की झालं, असं होत नाही. प्रत्येकाला स्वतःची ऊब, स्वतःचा आडोसा, स्वतःचं पाणी हवं. एका पिल्लाला निदान चार फूट बाय दोन फूट जागा द्या. एकाच मोठ्या पेटीचे दोन भाग करणार असाल तर मधली भिंत प्लायवूडची करा, काचेची किंवा जाळीची नको. आरपार दिसलं की दोघं त्या भिंतीलाच धडका मारत राहतात. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी पिल्लू बेचैन होऊन येरझाऱ्या घालतं, म्हणून काचेच्या टाकीला बाहेरून कागद लावा.

तळाला ओलसर कोकोपीट घाला. नाशिकच्या कोणत्याही नर्सरीत ते मिळतं. सल्काटा वाळवंटाच्या कडेचा प्राणी, म्हणून त्याला कोरडं ठेवावं, हा गैरसमज आहे. ही पिल्लं बिळातल्या दमट हवेत वाढतात. एप्रिल-मे महिन्यांतल्या आपल्या कोरड्या हवेत किंवा हिटरच्या झोतात सतत राहिली तर कवचावर उंचवटे येतात आणि ते नंतर जात नाहीत. मातीची कुंडी आडवी करून अर्धी पुरा, आत कोकोपीट जास्त ओलं ठेवा, म्हणजे आडोसा आणि दमटपणा दोन्ही साधतं.

ऊबेची जागा ३५ ते ३८ अंश सेल्सिअस, दुसरं टोक २७ च्या आसपास. रात्रीही २५ च्या खाली जाऊ देऊ नका. निफाडचा पारा एक आकडी होतो तेव्हा शहरातल्या खोल्याही गारठतात आणि दमट जागेत गारठलेल्या पिल्लाला न्यूमोनिया होतो. उजेड न देणारा सिरॅमिक हिटर थर्मोस्टॅट लावून वापरा. कासवाला लागणारी उन्हातली अतिनील (यूव्हीबी) किरणं काचेतून जवळजवळ आत येत नाहीत. सकाळी गच्चीवर थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवा, पण सावलीचा कोपरा हवा आणि आळीपाळीने एकेकालाच न्या. धडकेने उताणं पडलेलं पिल्लू भर उन्हात फार काळ तग धरत नाही. गच्चीवर घारी-कावळे असतात, त्यामुळे सोडून जाऊ नका.

पायरी ५: दबलेल्याला पुन्हा खायला लावा

पहिले काही दिवस कोमट पाण्यात रोज पंधरा-वीस मिनिटं बसवा. पाणी कवचाचा वरचा आणि खालचा भाग जुळतो तिथपर्यंतच असावं. त्यानंतर भूक बरी लागते. मुख्य खाणं म्हणजे हरळीसारखं गवत, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं आणि काटे काढून फड्या निवडुंग. द्राक्षाची पानंही कासवं आवडीने खातात, पण बागेतली देऊ नका. द्राक्षावर किती फवारण्या होतात ते इथे कुणाला सांगायला नको. घरच्या मांडवावरचा, औषध न मारलेला वेल असेल तरच द्या. फळं, पोळी, भात, कुत्र्याचं खाणं नको. खाणं शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवलं की माती पोटात जात नाही आणि चोचही झिजते. समुद्रफेसाचा तुकडा ठेवून द्या, कॅल्शियम मिळतं.

पायरी ६: वजन लिहून ठेवा

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरे, फक्त तो कासवांसाठी वेगळा ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, खायला देण्याआधी. दबलेलं पिल्लू वेगळं झाल्यावर हळूहळू भरू लागलं तर अडचण सोबतीची होती असं समजा. चांगली ऊब आणि खाणं मिळूनही वजन घटत राहिलं तर जंत किंवा दुसरा आजार असू शकतो. ताजी विष्ठा डबीत घेऊन पशुवैद्याकडे जा.

वजन भरलं, दोघं शांत झाली, की पुन्हा एकत्र सोडावंसं वाटतं. सोडू नका. दोघंच असली की एकाचा सगळा रोख दुसऱ्यावर राहतो. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही आणि दोन्ही नर निघाले तर वयात आल्यावरची भांडणं जिवावर बेततात. तिसरं आणल्यानेही हे सुटत नाही.

दोन सांभाळणं झेपत नसेल तर

सल्काटा तीस-चाळीस किलोंच्या वर जातो आणि कित्येक दशकं जगतो. फ्लॅटमध्ये दोन काय, एकही मोठं होऊन राहणं कठीण आहे. हा निर्णय पिल्लू लहान असतानाच घ्या. अंगण किंवा शेत असलेला, खरंच सांभाळणारा माणूस शोधा. सल्काटा साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते आणि मालक बदलला की तेही तिथे कळवावं लागतं. हे कागद पिल्लाबरोबर द्या. पुण्य म्हणून गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. हे जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही, ते बुडून मरतं.