दबणारा डेक आणि सोलापूरचं ऊन

उजनीच्या फुगवट्यावर चालवतो ती माझी 12 फुटी फायबरची शिडाची बोट बरीच जुनी. यंदा डोलकाठीजवळ पाय ठेवला की डेक दबायचा. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो: चांगल्या जागी टणक आवाज, तिथे मात्र भद्द. फायबरच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड कुजलं होतं. स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलेलं.

बोट टेम्पोने सोलापूरला घरी आणली. वरचा थर कापला, काळा भुसा खरवडला, दोन आठवडे सुकू दिलं.

पहिलं इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळला की तापत घट्ट होणारी चिकट राळ, वाया गेलं. एप्रिलची दुपार, पारा 40च्या वर. मगात अर्धा किलो कालवलं आणि बघता बघता मगातून धूर. तापमान 10 अंशांनी वाढलं की हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. हार्डनर कमी घालणं हा उपाय नव्हे. प्रमाण चुकलं तर इपॉक्सी चिकटच राहतं. मग पहाटे पाचला उठून, पसरट ताटात, 100-100 ग्रॅम. नवा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवूड) बसवला, वर प्लास्टिक, त्यावर वजनाला आईने दिलेली ज्वारीची दोन पोती. कापलेल्या फायबरच्या कडा त्याच्या जाडीच्या 12 पट रुंदीत उतरत्या घासून वर विणलेलं ग्लासचं कापड चढवलं.

खरी दुरुस्ती भोकांची. प्रत्येक भोक मोठं करून घट्ट इपॉक्सीने भरलं आणि त्यातच नवं पाडलं, म्हणजे लाकडाला पाणी लागतच नाही. उन्हात इपॉक्सी खराब होतं, म्हणून वर रंगाचे दोन हात दिले.