मोबाइल अ‍ॅपच्या चाचणीवर संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

संगणकशास्त्रात एम.टेक. किंवा पीएच.डी. करू पाहणारे विद्यार्थी विषय घेऊन भेटायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या मनात एखाद्या अ‍ॅपची कल्पना असते: शेतकऱ्यांना बाजारभाव सांगणारे अ‍ॅप, लसीकरणाची आठवण करून देणारे अ‍ॅप, एसटीच्या वेळा दाखवणारे अ‍ॅप. कल्पना चांगल्या असतात, त्यांतल्या काही चालतीलही. परंतु अ‍ॅप तयार करणे हा प्रकल्प झाला, संशोधन नव्हे. संशोधनात एक दावा असावा लागतो, तो खोटा ठरू शकेल अशी वाट मोकळी ठेवावी लागते आणि आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला तोच प्रयोग आपल्या मदतीवाचून पुन्हा करून पाहता यावा लागतो. गेली काही वर्षे मी अँड्रॉइड अ‍ॅपच्या स्वयंचलित चाचणीवर काम करीत आहे आणि नवख्यांना सांगण्यासारखे जे काही माझ्यापाशी आहे, ते बहुतांशी या तिसऱ्या अटीभोवती फिरते.

आधी वाचनाविषयी. सर्वेक्षणात्मक लेखांपासून सुरुवात करण्याचा सल्ला सगळेच देतात. माझ्या मते त्याआधी तुलनात्मक प्रयोगांचा एखादा शोधनिबंध सावकाश, त्यातील तक्ते स्वतः मांडून पाहत वाचावा. आमच्या विषयात त्यासाठी शौविक रॉय चौधरी, अलेसांद्रा गोर्ला आणि अलेसांद्रो ऑर्सो यांचे २०१५ सालचे काम उत्तम आहे. अँड्रॉइड अ‍ॅपना आपोआप इनपुट देणारी अनेक साधने तोवर निघाली होती आणि प्रत्येक साधनाच्या कर्त्यांनी आपले साधन सरस असल्याचे दाखवले होते. या तिघांनी ती साधने ६८ अ‍ॅपवर एकाच मापाने चालवली. कोडचा किती भाग तपासला गेला, म्हणजे ज्याला आपण कव्हरेज म्हणतो, त्या कसोटीवर सरासरीने पुढे राहिले ते गूगलचे ‘मंकी’. हे साधन अँड्रॉइडबरोबर फुकट मिळते आणि स्क्रीनवर कुठेही, कसेही बोट मारण्यापलीकडे काहीही करीत नाही. त्यानंतर या क्षेत्रात नवे साधन मांडणाऱ्या प्रत्येकाला ‘मंकीच्या तुलनेत काय?’ या प्रश्नाला सामोरे जावे लागते. आपल्या विषयातले हे ‘मंकी’ कोणते, म्हणजे सर्वांत साधा आणि तरीही हरवायला अवघड असलेला उपाय कोणता, हे पहिल्या सहामाहीत शोधून ठेवले तर पुढची बरीच वणवण वाचते.

‘मंकी’ स्वतः चालवून पाहण्यातही पुष्कळ शिकण्यासारखे आहे. एडीबीमधून, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या अँड्रॉइडच्या साधनातून, एका ओळीची आज्ञा दिली की ते सुरू होते. कोणत्या अ‍ॅपवर, किती घटना, दोन घटनांमध्ये किती मिलिसेकंदांचे अंतर, हे त्या ओळीतच सांगता येते. यादृच्छिक आकड्यांसाठी बीज देण्याचीही सोय आहे, म्हणजे तेच बीज दिले की घटनांचा तोच क्रम पुन्हा मिळतो. येथे नवखा विद्यार्थी समजतो की प्रयोगाची पुनरावृत्ती साधली. घटनांचा क्रम तोच राहतो, पण अ‍ॅप त्या क्रमाला तसाच प्रतिसाद देईल याची शाश्वती नसते. नेटवर्कवरून यायची यादी अर्धा सेकंद उशिरा आली तर तेच बोट दुसऱ्याच बटणावर पडते आणि तेथून पुढचा सगळा प्रवास बदलतो. शिवाय हे माकड वरची सूचनापट्टी खाली ओढून वाय-फाय बंद करून टाकते; मग उरलेला वेळ अ‍ॅप ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ या पाटीपुढे बसून राहते आणि कव्हरेजचा आकडा विनाकारण खाली येतो. म्हणून प्रत्येक फेरीआधी एमुलेटर (संगणकावर चालणारा आभासी फोन) एकाच जतन केलेल्या स्थितीतून सुरू करणे, अ‍ॅपचा जुना डेटा पुसणे, सूचनापट्टी शक्य तेथे बंद ठेवणे आणि अँड्रॉइडची आवृत्ती, स्क्रीनचा आकार, फोनची भाषा, घड्याळाचा प्रदेश (टाइम झोन) या साऱ्यांची नोंद निकालांच्याच फाइलीत करणे ही कामे प्रयोगाचाच भाग मानावीत. एका फेरीचा आकडा तर कोठेही लिहू नये. नशिबावर चालणाऱ्या पद्धतींची तुलना अनेक फेऱ्यांतूनच करायची असते. आर्कुरी आणि ब्रियाँ यांनी २०११ मध्ये याविषयी जी शिस्त सुचवली (फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना हे पाहणारी मान-व्हिटनी कसोटी आणि तिच्या जोडीला फरक किती मोठा हे सांगणारे वर्गा-डेलनी यांचे परिणाममाप) ती आज शोधनिबंधांचे परीक्षक गृहीतच धरतात. संख्याशास्त्राचा कंटाळा असणाऱ्यांनी हा विषय घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

फोनची भाषा नोंदवायला का सांगितले, ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. मुक्त स्रोताची अ‍ॅप तपासताना हा दोष मला वारंवार भेटला आहे. जावा किंवा कोटलिनमध्ये तारीख अथवा संख्या मजकुरात बदलताना कोणती भाषा धरायची हे प्रोग्रामरने सांगितले नाही, तर फोनची चालू भाषा धरली जाते. फोन इंग्रजीत असेल तर काहीच बिघडत नाही. फोन मराठीत असेल तर मराठीचे अंक आपसूक देवनागरी होतात आणि पडद्यावर ते छानही दिसतात. परंतु तोच मजकूर जेव्हा सर्व्हरकडे जातो तेव्हा तेथे ‘२०२४-०३-०५’ अशी तारीख पोहोचते, सर्व्हरला ती तारीख वाटतच नाही आणि वापरणाऱ्याला ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच निरोप मिळतो. दुरुस्ती एका शब्दाची आहे, अँड्रॉइड स्टुडिओची तपासनीस यंत्रणा त्याबद्दल पिवळा इशाराही देते. तरी तो दोष राहतो, कारण लिहिणाऱ्याचा फोन इंग्रजीत असतो आणि तपासणाऱ्याचाही. पुण्या-मुंबईत बसून मराठी माणसांनी लिहिलेल्या अ‍ॅपमध्येही तो सापडतो, हे विशेष.

संशोधक म्हणून यातली खरी मेख पुढे आहे. ‘मंकी’ किंवा त्याहून हुशार साधन हा दोष पकडील का? बहुधा नाही. अ‍ॅप क्रॅश झाले तरच त्यांना काही बिघडल्याचे कळते आणि येथे अ‍ॅप क्रॅश होत नाही, सभ्यपणे नकार देते. समोर आलेले उत्तर बरोबर आहे की चूक हे यंत्राने कशावरून ठरवायचे, हा चाचणीशास्त्रातला जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. त्यावरची एक युक्ती टी. वाय. चेन यांनी १९९८ मध्ये मांडली: एकेका उत्तराची बरोबर-चूक ठरवता येत नसेल, तर दोन उत्तरांमधले नाते तपासावे. आपल्या उदाहरणात ते नाते असे सांगता येईल: त्याच पायऱ्या एकदा इंग्रजी फोनवर आणि एकदा मराठी फोनवर केल्या, तर पडद्यावरचा मजकूर बदलावा, सर्व्हरकडे जाणारा डेटा मात्र तोच राहावा. हे वाक्य म्हणजेच एक दावा आहे. तो मुक्त स्रोताच्या अ‍ॅपवर तपासता येतो, अशी अ‍ॅप २०१० पासून चालू असलेल्या एफ-ड्रॉइडच्या भांडारात कोडसकट मिळतात, आणि ज्यांना मोठा संच हवा त्यांच्यासाठी लक्झेंबर्ग विद्यापीठाचा अँड्रोझू हा संग्रह आहे. मराठीप्रमाणेच अरबी, फारसी, बंगाली, नेपाळी या भाषांकडे हाच प्रश्न नेता येतो. एम.टेक.च्या प्रबंधाला एवढे पुरते, पीएच.डी.साठी मात्र याच्या भोवतीचे आणखी प्रश्न उभे करावे लागतील, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ वेगवेगळ्या कळफलकांवरून वेगवेगळ्या युनिकोड क्रमाने टाइप होतो आणि त्यामुळे शोध फसतो, हा त्यातलाच एक.

आता चंचल चाचण्या. तीच चाचणी, तोच कोड, आणि निकाल मात्र कधी पास, कधी नापास. या विषयावर २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी अपाची संस्थेच्या ५१ प्रकल्पांतल्या दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्या प्रकरणांच्या मुळाशी एकच कारण निघाले: दुसरीकडे चाललेले काम पूर्ण होण्याची नीट वाट न पाहणे. मोबाइलवर हे अधिकच जाणवते, कारण ॲनिमेशन, नेटवर्क आणि बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतली कामे थोपवणारी यंत्रणा, सगळेच वेळेशी खेळत असतात. चाचणीत तीन सेकंद थांबण्याची ओळ घालून प्रश्न मिटत नाही. मंद फोनवर तीन सेकंद कमी पडतात आणि वेगवान फोनवर वाया जातात.

एमुलेटरवर सगळे भागते का, असे विचारले जाते. चाचणी-निर्मितीच्या संशोधनाला बव्हंशी भागते. पार्श्वभूमीतली कामे, कॅमेरा, बॅटरी किंवा एखाद्या कंपनीने अँड्रॉइडमध्ये स्वतःहून केलेले फेरफार हा विषय असेल तर खरे फोन लागतात, आणि ते जुने, स्वस्त, कमी मेमरीचे असतील तर उत्तमच, कारण भारतात अ‍ॅप चालायचे असते ते अशाच फोनवर.

चाचणीपेक्षा वापराकडे ओढा असणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. आशा कार्यकर्त्या, बचत गटातल्या महिला, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी यांच्यासोबत अ‍ॅप तपासायचे असेल, तर सर्वांत मोठा अडथळा म्हणजे आपल्याकडच्या माणसांचा भिडस्तपणा. पाहुण्याने आणलेल्या वस्तूला कोणी नाव ठेवत नाही. निकोला डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बंगळुरूत केलेल्या प्रयोगाने हे मोजूनच दाखवले: दोन सारख्याच गोष्टींपैकी एक मुलाखतकाराने बनवली आहे असे वाटले, तर तीच चांगली म्हणण्याचे प्रमाण सुमारे अडीचपट होते, आणि मुलाखतकार दुभाषा घेऊन आलेला परदेशी असेल तर ते पाचपट झाले. हे वाचल्यावर ‘वापरकर्त्यांना अ‍ॅप आवडले’ हे वाक्य प्रबंधात लिहिताना हात थांबला पाहिजे. एखादी प्रणाली वापरायला किती सोपी हे मोजणारी जॉन ब्रूक यांची १९८६ ची दहा विधानांची प्रश्नावली (एसयूएस) सर्रास वापरली जाते, शंभरपैकी गुणही देते; तिच्यात एकाआड एक विधाने नकारार्थी असतात आणि मराठीत ती शब्दशः उतरवली की ‘अजिबात सहमत नाही’ म्हणजे नक्की काय, याचा वाचणाऱ्याला घोळ होतो. प्रश्नावली आधी चार ओळखीच्या माणसांकडून मोठ्याने वाचून घ्यावी, आणि आवडीनिवडी विचारण्यापेक्षा काम द्यावे: ‘ताई, या बाळाची पुढच्या महिन्याची नोंद करून दाखवा’ एवढेच सांगून गप्प बसावे आणि बोट कोठे अडते ते पाहावे. अ‍ॅप आपले आहे हे शेवटपर्यंत सांगू नये. मात्र आधी खोटेही सांगू नये. ‘हे तपासायला आलो आहे’ एवढे पुरेसे आणि खरे असते.

माणसांसोबतच्या कुठल्याही प्रयोगाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधी लागते, नंतर मिळत नाही. समितीच्या बैठका दर महिन्याला होतीलच असे नाही, हे धरून वेळापत्रक आखावे. संमतिपत्र साध्या मराठीत असावे. पडद्याचे चित्रीकरण करीत असाल तर त्यात ओटीपी, नातेवाइकांची नावे, बँकेचे निरोप येतात. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाल्यापासून याबाबतची ढिलाई परवडणारी नाही, आणि कायदा नसता तरी ती शोभली नसती. शक्यतो अभ्यासासाठी वेगळा फोन द्यावा.

उरलेला व्यवहार थोडक्यात सांगतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि नेमाने कमाल सहा वर्षे मिळतात. शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती त्या नियमांत उठली, पण तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, तेव्हा प्रवेशाआधीच विचारून घ्यावे. नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्ती असेल तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. ते न मिळालेल्यांनी घरच्या हिशेबाचे बोलणे घरी आणि गाईडशी मोकळेपणाने करून ठेवावे. गाईड निवडताना त्यांच्या नावावरील शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी अर्धा तास बोलणे अधिक उपयोगी पडते.

पैसे भरा आणि पंधरा दिवसांत छापून घ्या, असे सांगणाऱ्या नियतकालिकांचे ईमेल नोंदणी होताच सुरू होतात. ते उघडूही नयेत. या क्षेत्रात परिषदांना नियतकालिकांइतकेच, कधी अधिक वजन असते. १९७५ पासून भरणारी आयसीएसई ही सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची आंतरराष्ट्रीय परिषद त्यांतली थोरली, आणि भारतात २००८ ला हैदराबादेत सुरू झालेली त्याच विषयाची आयएसईसी ही पहिल्या लेखासाठी अधिक आवाक्यातली. दोन्हीकडचे परीक्षक आता लेखासोबत कोड आणि डेटा मागतात. ते पॅकेज आपल्या प्रयोगशाळेतल्या, पण आपल्या विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या सहाध्यायाला देऊन, आपण शेजारी न बसता, त्याच्या लॅपटॉपवर चालते का ते अंतिम मुदतीच्या किमान पंधरवडाभर आधी पाहून घ्यावे. पहिल्या खेपेला ते सहसा चालत नाही: कुठल्याशा फाइलीचा पत्ता आपल्याच संगणकाचा असतो, एखाद्या लायब्ररीची आवृत्ती लिहायची राहिलेली असते. या दुरुस्त्यांना पंधरवडा पुरतो. आदल्या रात्री त्या होत नाहीत.