विरळ इंग्रजी आडनावाचा माग काढताय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या आडनावांचा शोध घेणाऱ्यांना मी बरीच वर्षं मदत करतो आहे. त्यांत इंग्रज असतात, इंग्रज घरात लग्न होऊन गेलेल्या मराठी मुली असतात, आणि पुण्यातल्या एखाद्या जुन्या थडग्यावरचं नाव वाचून कुतूहल जागं झालेले लोकही असतात. माणसं वेगळी, चुका त्याच. स्मिथ किंवा टेलर शोधणाऱ्याला जे जन्मात साधत नाही, ते विरळ आडनावाच्या माणसाला साधू शकतं. त्याला सगळ्या शाखा एका गावापर्यंत, कधीकधी एका माणसापर्यंत नेता येतात. हे भाग्य घाईपायी वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

उदाहरणाला ॲटनबरो हे आडनाव घेऊ. गांधीजींवर 1982 साली चित्रपट काढणारे रिचर्ड आणि निसर्गावरच्या मालिकांमुळे घराघरांत पोचलेले त्यांचे भाऊ डेव्हिड यांच्यामुळे ते आपल्याला ओळखीचं वाटतं, पण इंग्लंडमध्ये ते विरळच आहे.

प्रसिद्ध माणसाच्या जन्मगावावरून मूळ ठरवणे

रिचर्ड 1923 साली केंब्रिजमध्ये जन्मले आणि डेव्हिड 1926 साली लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थमध्ये. दोघं वाढले लेस्टरमध्ये, कारण वडील तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. तेवढ्यावर थांबलात, तर हातात तीन गावं येतात आणि तिन्ही चुकीची. एक पिढी मागे जा. वडील फ्रेडरिक 1887 साली नॉटिंगहॅमशायरमधल्या स्टेपलफर्डला जन्मले. तिथून जवळच, ट्रेंट नदीच्या काठी, ॲटनबरो नावाचं गाव आहे. एकच पिढी, आणि आपण आडनावाच्या उंबऱ्यावर येऊन पोचतो.

उलटी चूकही तितकीच होते. ॲटनबरो गावात जन्मलेला सर्वांत नामांकित माणूस म्हणजे 17व्या शतकात राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलचा जावई आणि सेनापती हेन्री आयर्टन, जन्म 1611. त्याचं आडनाव ॲटनबरो नव्हतं, आणि असायचं काही कारणही नव्हतं. गावावरून पडलेलं आडनाव बहुधा गाव सोडलेल्या माणसाला चिकटतं. पुण्यात राहणाऱ्याला कोणी पुणेकर म्हणून वेगळा ओळखत नाही, तो दुसऱ्या गावी गेला की म्हणतात, तसंच हे. म्हणून मी त्या गावातच शोधत बसत नाही. गावाभोवती दिवसभरात चालून जाता येईल एवढं वर्तुळ आखतो आणि त्यात येणाऱ्या सगळ्या पॅरिशांची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दींची, यादी करतो.

ही यादी करताना परगण्याच्या सीमेवर थांबू नका. ॲटनबरो नॉटिंगहॅमशायरमध्ये आहे, पण डर्बीशायर अगदी खेटून आहे. एकाचे कागद नॉटिंगहॅमच्या अभिलेखागारात, दुसऱ्याचे मॅटलॉकला. लोक एका ठिकाणी दोन दिवस घालवतात आणि "इथे घराणं संपलं" असं लिहून मोकळे होतात. घराणं संपलेलं नसतं, ते नाला ओलांडून पलीकडे गेलेलं असतं.

नकाशावरचा गडद रंग म्हणजे मूळ गाव

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, कारण नकाशा बघितला की माणूस विचार करायचं थांबवतो.

आज इंटरनेटवर आडनाव टाकलं, की ते कुठे किती आहे याचा नकाशा क्षणात मिळतो. पहिला प्रश्न हा विचारा, की नकाशा कुठल्या सालचा आहे. हल्लीचे बरेच नकाशे मतदार यादीवरून बनतात. या यादीची जी प्रत कोणालाही विकत मिळते, तिच्यातून आपलं नाव काढून घेण्याची सोय 2002च्या सुमारास झाली आणि असंख्य लोकांनी ती वापरली. म्हणजे आजचं वितरण दाखवणारा नकाशा मुळातच अपुरा आहे. शिवाय रेल्वे, कारखाने, दोन महायुद्धं आणि विद्यापीठं यांनी माणसं इतकी हलवली आहेत, की आजचा नकाशा स्थलांतराबद्दल जास्त बोलतो आणि मुळाबद्दल कमी. मुळासाठी 1881ची जनगणना धरा. स्वयंसेवकांनी ती पूर्ण उतरवून काढली आहे, ती शोधायला सोपी आहे, आणि तेव्हा बरीच कुटुंबं अजून जुन्या मुलखात होती.

दुसरा प्रश्न, रंग कशाचा आहे? माणसांच्या संख्येचा, की लोकसंख्येतल्या प्रमाणाचा? 1881 साली लंडनची लोकसंख्या 38 लाखांच्या आसपास होती आणि नॉटिंगहॅमशायरची चार लाखांहून थोडी कमी. दोन्हीकडे सारखीच माणसं सापडली, तर नॉटिंगहॅमशायरमधलं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. ॲटनबरोच्या बाबतीत लंडनचा ठिपका फसवा आहे. व्हिक्टोरियन लंडनमध्ये ॲटनबरो हे गहाणवटीच्या दुकानांसाठी प्रसिद्ध नाव होतं. फ्लीट स्ट्रीटवर त्यांचं दुकान होतं आणि त्या काळच्या लिखाणात गहाणवटीला ॲटनबरोचं नाव सर्रास येतं. एवढ्यावरून आडनाव लंडनचं ठरवणारे मला भेटले आहेत. धंदा लंडनला वाढला, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

पण नुसत्या प्रमाणावर विसंबलात तरी गोत्यात याल. एक निवृत्त गृहस्थ वेगळ्याच एका आडनावाची जाडजूड फाइल घेऊन आले होते. आडनाव सांगत नाही, ते लावणारी माणसं हयात आहेत. नकाशावर रटलंड हा चिमुकला परगणा सर्वांत गडद होता, म्हणून त्यांनी रटलंडमधल्या सगळ्या पॅरिशांच्या नोंदी धुंडाळल्या होत्या, मध्ययुगीन करांच्या याद्यांपर्यंत. हाती काही लागलं नव्हतं. "कागद नष्ट झाले असतील," असं त्यांचं मत झालं होतं. 1881 साली रटलंडमध्ये माणसंच होती 21 हजारांच्या आसपास. आम्ही मूळ पान उघडलं. त्या आडनावाचं एकच घर, नवरा-बायको आणि मुलांचा मोठा परिवार. नवरा रेल्वेत सिग्नलमन. जन्मठिकाणाच्या रकान्यात नवऱ्यापुढे आणि थोरल्या मुलांपुढे पार दुसरा परगणा, फक्त धाकटी दोन रटलंडची. बदली होऊन आलेल्या एका कुटुंबाने अख्खा परगणा गडद केला होता. ही सगळी माहिती त्या पानावर पहिल्या दिवसापासून होती. त्यांनी नकाशा पाहिला, पान पाहिलं नाही.

माझी सवय सांगतो. नकाशा शेवटी उघडायचा. आधी 1881मधलं त्या आडनावाचं प्रत्येक घर वहीत उतरवायचं आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं जन्मठिकाण तांबड्या पेनाने लिहायचं. विरळ आडनावाला हे काम काही संध्याकाळींत होतं. तांबड्या गावांचा स्वतःचा नकाशा काढलात, की तो 1881 सोडून 1810-20च्या सुमाराचा होतो, आणि तो कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

दुसऱ्याची वंशावळ उचलणे

ठाण्याची एक मुलगी लग्न होऊन डर्बीशायरला आली. सासऱ्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला वंशावळ द्यावी, म्हणून तिने मनापासून काम केलं. इंटरनेटवर आयतं झाड सापडलं, सासऱ्यांच्या खापरपणजोबांपासून थेट 17व्या शतकातल्या एका सरदारापर्यंत. तेच झाड बऱ्याच जणांनी आपापल्या पानावर लावलेलं, म्हणून तिला ते पक्कं वाटलं. खरं तर एकाने चूक केली होती आणि बाकीच्यांनी ती उचलली होती. "दादा, फक्त एकदा नजर टाका," म्हणून तिने ते माझ्याकडे पाठवलं, तेव्हा सासऱ्यांच्या दिवाणखान्यात सरदाराचं कुळचिन्ह चौकटीत लागलंसुद्धा होतं.

सगळं झाड 1772 साली बाप्तिस्मा झालेल्या एका विल्यमवर टेकलं होतं. मी दफनाची नोंदवही काढली. तो विल्यम दीड वर्षाचाही न होता गेला होता. त्याला मुलं होणं शक्यच नव्हतं. खरा विल्यम शेजारच्या पॅरिशमध्ये, परगण्याच्या सीमेपलीकडे सापडला. बाप मोजे विणणारा. या भागात घरोघरी लाकडी मागांवर मोजे विणले जात आणि उजेड पुरावा म्हणून वरच्या मजल्याला लांबलचक खिडक्या ठेवत. सासऱ्यांना सांगताना ती घाबरली होती. त्यांनी ऐकून घेतलं, गावाचं नाव विचारलं आणि पुढच्या रविवारी दोघं तिकडे जाऊन आले. कुळचिन्ह उतरलं.

म्हणून बाप्तिस्मा सापडला की त्याच नावाचं दफन शोधल्याशिवाय मी पुढची ओळ लिहीत नाही. पुढची किमान वीस वर्षं बघतो. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. नवशिक्यांना एका शनिवारात 1066, म्हणजे इंग्लंडवरच्या नॉर्मन स्वारीचं साल, गाठायचं असतं. पॅरिशच्या नोंदी ठेवायचा हुकूमच 1538चा आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याहून बऱ्याच नंतरच्या वह्या उरल्या आहेत. सामान्य घराण्यात 1700च्या पलीकडे पुराव्यानिशी पोचलात, तरी उत्तम काम झालं असं समजा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

कुळचिन्ह विकत घेऊ नका. इंग्लंडमध्ये ते एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलं जातं, आडनावाला नाही. आपल्याकडच्या कुळ-देवकाचा हिशेब इथे लावू नका.

एकाच स्पेलिंगला धरून बसू नका. ॲटनबरो, ॲटनबरोव, ॲटनब्रो ही सगळी एकाच नावाची रूपं असू शकतात. लिहिणारा पाद्री किंवा कारकून कानाला ऐकू आलं ते लिहायचा. शिवाय टी या अक्षरावरची आडवी रेघ राहिली, की उतरवणाऱ्याला तिथे एल दिसतो आणि तुमचा माणूस 'ॲलनबरो' होऊन बसतो. मी आडनावाचा रकाना रिकामा ठेवून नाव, वय आणि जन्मगाव यांवर शोधतो.

1841च्या जनगणनेतल्या वयांवर भांडू नका. मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, आणि जन्मगाव दिलेलंच नाही. ते 1851पासून मिळतं. 1931ची जनगणना शोधत बसू नका, ती 1942 साली आगीत गेली.

1752च्या आधी इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. जून 1650मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1650मध्ये बाळाचा बाप्तिस्मा दिसला, तर घाईने निष्कर्ष काढू नका. तो फेब्रुवारी जूननंतर आठ महिन्यांनी आलेला आहे.

आवाजावरून अर्थ लावू नका. ॲटन हे जुन्या इंग्रजीतल्या "अमुकपाशी" अशा अर्थाच्या शब्दासारखं ऐकू येतं खरं, पण ॲटनबरो या गावाच्या नावात आद्दा नावाच्या माणसाची गढी आहे असं मानतात. अर्थ शेवटी बघा, आधी माणसं कुठे होती ते बघा.

डीएनए चाचणी आधी आणि कागद नंतर

बापाकडून मुलाकडे आडनाव जातं तसं वाय गुणसूत्रही जातं, म्हणून विरळ आडनावांसाठी ही चाचणी खरोखर मोलाची आहे. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 2009 साली 40 आडनावांच्या 1,678 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथ आडनावाचे पुरुष एकमेकांना रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकेच परके निघाले. ॲटनबरोंमध्ये मात्र बहुतेकांचं वाय गुणसूत्र एकाच घराण्यातलं होतं. विरळ आडनावाचं भाग्य म्हणतात ते हे.

पण निकाल हातात आला म्हणजे वंशावळ झाली असं नाही. याच गटाने 2007 साली पूर्व यॉर्कशायरमधलं एक विरळ आडनाव तपासलं होतं. 18 पुरुषांपैकी सात जणांत आफ्रिकेबाहेर सहसा न आढळणारं वाय गुणसूत्र निघालं. त्यांना स्वतःला याची काहीच कल्पना नव्हती. त्यांच्या वंशावळी 18व्या शतकातल्या यॉर्कशायरपर्यंत नेता आल्या, त्या कागदांमुळे. कागद नसते, तर हाती फक्त आश्चर्य उरलं असतं. म्हणून मी आधी कागदावर दोन वेगळ्या शाखा शक्य तितक्या मागे नेतो आणि मग दोन्हींतल्या एकेका पुरुषाला चाचणीसाठी विचारतो. स्त्रियांना ही चाचणी स्वतःवर करता येत नाही. भाऊ, वडील किंवा काका यांचा नमुना लागतो. आणि विचारताना नको ते निघू शकतं हे आधी सांगा. वडील वेगळेच असल्याचं कळणं ही कुठल्याही घरात लहान गोष्ट नाही.

भारतात गेलेल्यांना विसरणे

1881च्या इंग्लंडच्या जनगणनेत तेव्हा पुणे, खडकी किंवा देवळालीच्या छावणीत असलेले शिपाई नाहीत. विरळ आडनावात एक मुलगा गायब झाला, तर लोक तो मेला असं धरतात. आधी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या चर्च नोंदी बघा. मुंबई इलाख्याचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं एन-3 या मालिकेत आहेत. अनुक्रमणिका नावावर चालते, पण लग्नाच्या मूळ नोंदीत बहुधा वराची पलटण आणि बापाचं नावही असतं, म्हणून अनुक्रमणिकेवर न थांबता मूळ पान मागवा. महाराष्ट्रात राहत असाल, तर छावणीच्या दफनभूमीतल्या दगडाचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, झिजलेली अक्षरं तेव्हाच वाचता येतात. दगडावर खडू किंवा पीठ चोळू नका.