चिंक्वे तेर्रे : रेल्वेने गाठावे, पायी पाहावे

इटलीच्या वायव्येला, लिगुरियाच्या किनाऱ्यावर जिथे डोंगर थेट समुद्रात उतरतात तिथे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावे वसलेली असून त्या सर्वांना मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात. 1997 साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला आणि 1999 मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. 1874 मध्ये जेनोवा ते ला स्पेत्सिया हा लोहमार्ग पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या जगाशी या गावांचा संबंध मुख्यतः होड्यांनी आणि डोंगरवाटांनीच येत असे. आजही येथे येण्याचे सर्वांत सोयीचे साधन रेल्वेच आहे. मात्र प्रवासाचा बेत आखण्यापूर्वी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी : या पाच गावांमधला लोहमार्ग बहुतांशी बोगद्यांतून जातो, त्यामुळे गाडीच्या खिडकीतून समुद्र क्षणभर चमकून जातो आणि पुन्हा अंधार होतो. ज्या दृश्यांसाठी आपण इतक्या लांब येतो ती पायवाटेवरूनच दिसतात. म्हणून आधी कोणती वाट चालायची हे ठरवावे आणि मग त्या वाटेच्या दोन टोकांना गाडीची जोड द्यावी. एका दिवसात पाचही स्थानकांवर उतरून परत फिरणाऱ्यांच्या वाट्याला प्रामुख्याने फलाटांवरची गर्दीच येते.

पिसाकडून येणाऱ्यांनी ला स्पेत्सिया आणि जेनोवाकडून येणाऱ्यांनी लेवांतो हे प्रवेशद्वार मानावे. या दोन स्थानकांच्या दरम्यान धावणारी चिंक्वे तेर्रे एक्सप्रेस पाचही गावांत थांबते आणि एका गावाहून दुसऱ्या गावी अवघ्या काही मिनिटांत पोहोचवते. मुक्काम शक्यतो गावातच करावा, कारण दिवसभराच्या सहली परतल्यानंतरची संध्याकाळ आणि त्या पुन्हा येण्यापूर्वीची सकाळ हीच येथील खरी वेळ आहे. खोली ठरवताना मात्र घरापर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात हे मालकाला आवर्जून विचारावे. गावांच्या आत मोटारी जात नाहीत आणि चाकांची जड बॅग अरुंद, दगडी जिन्यांवर काही कामाची नसते. मोंतेरोस्सो त्यातल्या त्यात सपाट असून वाळूचा मोठा किनारा तिथेच आहे, त्यामुळे लहान मुले किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर तिथे उतरणे बरे. लेवांतो आणि ला स्पेत्सिया येथे तुलनेने स्वस्तात सोय होते.

उद्यानाचे कार्ड दोन प्रकारचे असते. एकात सशुल्क पायवाटांचा प्रवेश आणि उद्यानाच्या छोट्या बसगाड्यांचा प्रवास मिळतो. दुसऱ्यात त्याशिवाय लेवांतो ते ला स्पेत्सिया या टप्प्यात दुसऱ्या वर्गाने हवा तितका रेल्वेप्रवास करता येतो. दर हंगामानुसार आणि दिवसानुसार बदलतात. दिवसात एकच वाट चालून गाडीने एकदाच परतायचे असेल तर पहिले कार्ड आणि सुटे तिकीट पुरते. तीन-चार वेळा गाडीत बसणार असाल तर दुसऱ्याचा हिशेब करून पाहावा. कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तिकीट विकत घेतले म्हणजे काम झाले असे समजून तसेच बसलात तर दंड होऊ शकतो, आणि त्या वेळी परदेशी पाहुणा असल्याची सबब चालत नाही.

वेर्नात्सा आणि रिओमाज्जोरे येथील फलाटांचा काही भाग बोगद्यात आहे. गाडी थांबते, दार उघडते आणि समोर फक्त काळी भिंत दिसते; नवखे प्रवासी स्थानक अजून यायचे आहे असे समजून जागचे हलत नाहीत आणि गाडी त्यांना पुढच्या गावी घेऊन जाते. म्हणून स्थानके मोजत बसावे, आपले स्थानक आले की बिनधास्त उतरावे आणि उजेडाच्या दिशेने चालत जावे. ला स्पेत्सियाकडून येताना क्रम रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्नील्या, वेर्नात्सा, मोंतेरोस्सो असा असतो.

आता वाटांविषयी. एकच वाट चालण्याइतका वेळ असेल तर कोर्नील्या ते वेर्नात्सा ही निवडावी आणि ती याच दिशेने चालावी. कोर्नील्या हे पाचांपैकी एकमेव गाव समुद्रालगत नाही. ते सुमारे शंभर मीटर उंचीवरच्या कड्यावर आहे आणि स्थानकापासून वर जायला सुमारे 380 पायऱ्यांचा नागमोडी विटांचा जिना आहे. जिना टाळून उद्यानाच्या बसने वर गेले तरी चालण्याच्या पुण्याईत काही उणे पडत नाही. तिथून वाट ऑलिव्हच्या झाडांमधून प्रेवो या वस्तीपर्यंत चढते, जी समुद्रापासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर आहे, आणि मग उतरणीला लागते. उतरताना एका वळणावर वेर्नात्साचे छोटे बंदर, त्याच्या काठावरचे चर्च आणि खडकावरचा जुना बुरूज पायांखाली एकदम उघडतात. उलट दिशेने चाललात तर हेच दृश्य पाठीमागे राहते आणि सुरुवातीलाच दमछाक होते ती वेगळीच. या वाटेला दीड ते दोन तास लागतात.

मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा ही साधारण साडेतीन किलोमीटरची वाट अधिक प्रसिद्ध, अधिक खडी आणि कित्येक ठिकाणी इतकी अरुंद आहे की समोरून कोणी आले तर एकाला थांबावेच लागते. गर्दीच्या काही दिवशी ती एकेरी केली जाते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी आणि सकाळी लवकर निघावे.

मानारोला ते कोर्नील्या ही किनाऱ्यालगतची वाट दरडींमुळे दीर्घकाळ बंद राहिली आहे. तिच्याऐवजी डोंगरावरच्या वोलास्ट्रा गावातून जाणारी वाट घ्यावी, आणि खरे सांगायचे तर तीच अधिक चांगली आहे. मानारोलाहून वोलास्ट्रापर्यंतचा चढ दम काढणारा असल्याने तेवढ्यापुरती बस घ्यावी; पुढे वाट द्राक्षमळ्यांच्या मधून बरीचशी सपाट जाते. येथे पायांखाली पाहत चालावे. डोंगरउतारावर शेतीसाठी जे टप्पे पाडले आहेत त्यांना आधार देणारे गडगे चुना किंवा सिमेंट न वापरता नुसते दगडावर दगड रचून शेकडो वर्षांत उभे केलेले आहेत, आणि मळ्यांतून मध्येच एकाच रुळावरून चढणारी छोटी यांत्रिक गाडी दिसते, जिच्यातून तोडणीच्या वेळी द्राक्षे वाहून नेतात. याच द्राक्षांपासून शाकेत्रा ही गोड वाइन बनते. वरच्या वाटांना शुल्क नाही.

रिओमाज्जोरे आणि मानारोला यांना जोडणारी, साधारण एक किलोमीटरची ‘प्रेमाची वाट’ 2012 साली दरड कोसळल्यानंतर बंद झाली आणि 2024 मध्ये पुन्हा खुली झाली. तिच्यासाठी वेळ आधी आरक्षित करावी लागते. ती चालायला सोपी आहे, पण तेवढीच चालून परतलात तर डोंगर पाहिलाच नाही असे समजावे.

पायांत खोबणीदार तळव्याचे बूट हवेत. चपला घालून उद्यानाच्या वाटांवर जाण्यास मनाई असून त्यासाठी 50 युरोंपासून 2500 युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे. गावातल्या सार्वजनिक नळावर बाटली भरून घ्यावी, कारण वाटेत पाण्याचा भरवसा नाही. शिदोरीला बेकरीतला फोकाचा पाव उत्तम. हरभऱ्याच्या पिठाची फारिनाता शाकाहारींनी जरूर मागावी. पेस्तो या तुळशीच्या जातीच्या पानांच्या चटणीमध्ये चीज असते आणि ते बहुधा प्राणिजन्य रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेल्या दूध गोठवणाऱ्या द्रव्याने बनवलेले असते, हे कडक शाकाहारींनी ध्यानात ठेवावे.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर हे महिने चालण्यास सर्वांत योग्य. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाहीत. ऑक्टोबरपासून पावसाचा जोर असतो आणि तो हलक्यात घेऊ नये : 25 ऑक्टोबर 2011 रोजी आलेल्या पुराने वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखल-दगडांनी भरून गेले होते. हवामानाचा इशारा जाहीर झाला की वाटा बंद केल्या जातात, म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाच्या माहिती केंद्रात वाटेची त्या दिवसाची स्थिती विचारावी. समुद्र शांत असेल तर हंगामात कोर्नील्या वगळता बाकीच्या गावांना बोटीही जातात.

राहता राहिला संप. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात आणि ते बहुधा आधी जाहीर केलेले असतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडल्या जातात, तेव्हा त्या दिवशीची पायपीट या दोन वेळांच्या मध्ये बसवावी. आणि परतीचे विमान पिसाहून किंवा जेनोवाहून असेल तर आदल्या रात्रीच त्या शहरात मुक्कामाला जावे.