मालवण ते आंबोली: पाठीवर सॅक, हातात पंचांग

सिंधुदुर्गाची किनारपट्टी पायी बघायची तर आधी भरती-ओहोटी समजून घ्या, हॉटेलचं नंतर बघू. ओहोटीला पाणी मागे सरलं की ओली, घट्ट पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मोकळी होते आणि तिच्यावरून झपाझप चालता येतं. भरतीत मात्र वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात, आणि काही ठिकाणी खडकांपाशी वाटच बंद होते.

हिशोब सोपा आहे. कोकणात तो तोंडी करतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. तृतीयेला तीनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी सव्वाआठला ओहोटी. पुढे रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून तृतीयेला निघावं. पुढचे तीन-चार दिवस सकाळच्या चालीला पुळण मोकळी मिळते. हा अंदाज तासभर मागेपुढे होतो, तेव्हा जेटीवरच्या कोळ्यांना विचाराच. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात खडकांच्या कडेने जाऊ नका.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सॅक आठ किलोच्या वर नको: दोन जोड सुती कपडे, टोपी, टॉर्च, मीठ-साखर, तीन लिटर पाणी. सॅंडल घट्ट पट्ट्यांचे घ्या, कारण पुळण संपली की जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, चढावा लागतो.

कोकण रेल्वेने कुडाळला उतरून एसटीने मालवण गाठा. बाजूच्या कुरटे बेटावर शिवरायांनी 1664 साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला आहे. होडीने जाऊन या आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आतल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या कशा, ते उभं राहून बघा. तिथून तारकर्ली, देवबाग. देवबागला कर्ली खाडी आडवी येते. ती होडीने ओलांडून भोगवे. भाडं आधी ठरवा. खाडी पोहून ओलांडायचं धाडस अजिबात नको, मुखाशी प्रवाह फार ओढतो. पुढे निवती, वेंगुर्ला, शिरोडा. घरगुती निवासात राहिलात तर सकाळी उकड्या तांदळाची पेज मागा, चालणाऱ्याला तिच्याइतकं सोसणारं दुसरं काही नाही. किनाऱ्यावर तंबू आणि प्रखर दिवे टाळा, कारण याच महिन्यांत समुद्री कासविणी अंडी घालायला वर येतात आणि उजेडाने बिचकून परत फिरतात.

शिरोड्याहून एसटीने सावंतवाडी, तिथून साधारण तीस किलोमीटरवर आंबोली. इथे हिशोब बदलतो. जंगलात गवे आहेत, फांद्यांवर हिरवा चापडा हा विषारी साप बसलेला असतो. म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. फांदीला हात लावण्याआधी नजर टाकायची. साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका. हातपाय न हलवता थेट सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या कुंडात पाय बुडवू नका, माशांना खाऊ टाकू नका. तिथल्या एका छोट्या माशाची नवी जात म्हणून 2020 मध्ये नोंद झाली आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली.

परतीला आंबोलीहून कोल्हापूर आणि बेळगाव, दोन्हीकडे एसटी मिळते. शेवटची गाडी किती वाजता, हे उतरतानाच स्थानकावर विचारून ठेवा.