रंगाऱ्याला फोन करण्याआधी

भिंतीच्या ओलीचं काम काढायचं असेल तर एप्रिल-मे हातचे घालवू नका. जूनमध्ये गवंडी मिळेलही, पण भिंत वाळणार नाही. आणि पाणी येतं कुठून हे कळेपर्यंत रंगाऱ्याला बोलवू नका, नाहीतर नवा रंग दिवाळीपर्यंत पोपड्यांसकट खाली येतो.

आधी डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. आठवड्याने ओल रेघेबाहेर सरकली का बघा. डाग जमिनीपासून वर चढत तीन-एक फुटांवर थांबला असेल आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा खार फुटला असेल, तर पाणी बहुधा पायातून येतंय. ऐन उन्हाळ्यात भिंतीच्या मध्यावर ओला डाग असेल तर पावसाला दोष देऊ नका. पलीकडे न्हाणीघर आहे का ते पाहा. रात्री सगळे नळ बंद करा, टाकी भरत नाही याची खात्री करा आणि मीटर बघा. फिरत असेल तर कुठेतरी पाइप गळतोय. शंका उरलीच तर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून दोन दिवस ठेवा. आतल्या अंगाला थेंब धरले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या अंगाला धरले तर खोलीच्या हवेतली.

मग बाहेर चक्कर मारा. जोत्याला टेकलेली माती, कुंड्या, उरलेली वाळू हलवा. अंगणात दर खेपेला जुन्या फरशीवर नवी बसवत गेल्याने जमीनच जोत्याच्या वर आलेली घरं कमी नाहीत. तिथे फरशी उकरण्यावाचून इलाज नाही. पन्हळीतला पाला काढा, छज्ज्यावरच्या भेगा भरा, उतार भिंतीपासून बाहेर करून घ्या.

ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर आधी मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला दाखवा. गिलावा डागाच्या फूटभर वरपर्यंत काढायचा, खार कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाकायचा. पाण्याने धुतलात तर तो विटेत पुन्हा मुरतो. नऊ इंची भिंत आतपर्यंत वाळायला महिने लागतात, तेव्हा ती उघडी ठेवा, कपाटं चार बोटं पुढे ओढा.

जुना वाडा चुन्यात बांधलेला असेल तर गवंडी सिमेंटचाच आग्रह धरेल. ऐकू नका. सिमेंटने ओल आतच कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. चुन्याचा गिलावा करणारा शोधा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.