इतिहास संशोधनाची पद्धत शिकताय? या चुका टाळा

पहिल्या प्रकल्पात बहुतेक जण विषयातच अडकतात. ‘दुसऱ्या महायुद्धातील स्त्रिया’ या विषयावर वाचायला आयुष्य पुरणार नाही. एक गाव, थोडी वर्षे आणि एक प्रश्न ठरवा: युद्ध संपल्यावर इथल्या कारखान्यांतल्या किती स्त्रिया कामावर टिकल्या? मग कोणती कागदपत्रे मागायची तेही आपोआप कळते.

सर्वांत घातक चूक म्हणजे समकालीन कागद दिसला की त्यातला मजकूर खरा मानणे. समकालीन माणूसही लपवतो, वरिष्ठांना खूश करतो, ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखत घडल्यासारखी सांगतो. म्हणून आधी विचारा: कोणी लिहिले, कोणासाठी, घटनेनंतर किती काळाने? आणि कागद अस्सल आहे का? इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये ‘कॉन्स्टन्टाइनचे दानपत्र’ (रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने पोपला सत्ता बहाल केल्याचा कागद) बनावट ठरवले ते मुख्यतः भाषेवरून. चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाच्या दरबारात ‘सत्रप’ (इराणी साम्राज्यातले प्रांताधिकारी) कुठून येणार? याउलट १९८३ मध्ये ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून मिळालेल्या रोजनिश्या पुरती तपासणी होण्याआधीच जाहीर केल्या. नंतर कागदात महायुद्धोत्तर काळातले रसायन सापडले. वाल्लाकडे प्रयोगशाळा नव्हती, बारकाईने वाचायची सवय होती. ती कुणालाही लावून घेता येते.

तीन पुस्तके एकच सांगतात म्हणून गोष्ट सिद्ध होत नाही. त्यांच्या तळटीपा उघडा. तिन्ही लेखक एकाच जुन्या लेखकावर विसंबलेले निघाले, तर पुरावा एकच.

तारखा जुळत नसतील तर कालगणना तपासा. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१, नव्या गणनेत २२ फेब्रुवारी १७३२. तेव्हा इंग्रजी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून वर्षाचा फरक; आणि जुनी (ज्युलियन) गणना नव्या (ग्रेगोरियन) गणनेच्या अकरा दिवस मागे होती, म्हणून तारखेचा.

अभिलेखागारात फोटो काढताना आधी फाइलच्या क्रमांकाचा फोटो घ्या. क्रमांकाविना कागद पुन्हा शोधता येत नाही, आणि संदर्भही देता येत नाही.

पुरावाच मिळत नसेल तर मधली जागा कल्पनेने भरू नका, वाट बदला. ज्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही, ती माणसे खटल्यांच्या जबान्यांत, करवसुलीच्या नोंदींत, जन्ममृत्यूच्या वह्यांत भेटतात. मात्र तिथे ती दुसऱ्याच्या लेखणीतून बोलतात. त्या लेखनिकाला काय टिपायचे होते, हेही विचारावेच लागते.